नोटाला पोलिंग एजंट नसतो

(१९८१ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "नोकरीतला एखादा अनुभव सांग, पंधरा मिनिटं, आणि लांबण लावू नकोस." पस्तीसेक वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढलेल्या माणसाकडे कर्जवसुलीचे किस्से पोत्याने असतात. पण इथे समोर आपलेच काही कर्जदार मित्र बसलेत आणि जेवण अजून व्हायचंय, म्हणून तो विषय सोडतो. बँकेत असल्यामुळेच मिळालेल्या, पण बँकेबाहेरच्या एका दिवसाच्या कामाबद्दल बोलतो. दिवस होता ३ नोव्हेंबर २०२२, गुरुवार. मुंबईतल्या अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक. माझं काम होतं 'सूक्ष्म निरीक्षक'. कागदावर मराठीत हे, बोलताना सगळे मायक्रो ऑब्झर्व्हर म्हणतात.

सर आणि बाई, निवडणूक ड्युटी तुम्हाला मी काय सांगणार! आम्ही शाळेत होतो तेव्हा, १९८० साली, जानेवारीत लोकसभा आणि मेमध्ये विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. तुमच्यापैकी काही जण लोखंडी मतपेट्या घेऊन कुठल्या कुठल्या गावी गेला होतात, आणि परत आल्यावर दोन दिवस आवाज बसलेला असायचा. आम्हाला फक्त सुट्टीशी मतलब होता. तुम्ही तिथे नेमकं काय करत होतात, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

आधी हे निरीक्षक प्रकरण थोडक्यात सांगतो. मतदान केंद्र चालवतात ते बहुतेक राज्य सरकारचे, महापालिकेचे, शाळांचे कर्मचारी. त्यांच्यावर लक्ष ठेवायला निवडणूक आयोग बाहेरून वरिष्ठ अधिकारी निरीक्षक म्हणून पाठवतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-ब मध्ये त्याची तरतूद आहे आणि त्या अधिकाऱ्याला वेळप्रसंगी मतमोजणी थांबवायला लावण्याचाही अधिकार आहे. पण तो एकटा. शेकडो बूथ कसे बघणार? म्हणून ज्या केंद्रांवर लक्ष हवं असं वाटतं, तिथे केंद्र सरकारचे, सरकारी बँकांचे, विमा कंपन्यांचे आमच्यासारखे लोक बसवतात. आम्ही केंद्राध्यक्षांच्या हाताखाली नसतो, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्याही नसतो. संध्याकाळी आमचा अहवाल पाकिटात घालून थेट निरीक्षकाकडे जातो.

अधिकार म्हणाल तर शून्य. कुणाला अडवायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत, यंत्राला हात लावायचा नाही. बघायचं आणि लिहायचं. फारच काही घडलं तर निरीक्षकाला फोन करायचा. माझी बायको म्हणाली, "घरीही तेच करता."

आता तुम्ही म्हणाल, हा सरकारनेच नेमलेला माणूस, हा कसला स्वतंत्र? मुद्दा बरोबर आहे. परदेशात काही ठिकाणी सामान्य नागरिक अर्ज करून, ओळखपत्र घेऊन निरीक्षक म्हणून केंद्रात बसू शकतात. आपल्याकडे मतदान केंद्रात कोण जाऊ शकतं याची नियमात यादीच दिली आहे. मतदार, ड्युटीवरचे लोक, उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी, अंध किंवा अपंग मतदाराचा सोबती, आणि मतदाराच्या कडेवरचं मूल. हो, कडेवरचं मूल यादीत आहे! तुमच्यासारखा उत्सुक निवृत्त शिक्षक मात्र नाही, आयोगाने खास परवानगी दिली तरच. त्यामुळे आपल्याकडे स्वातंत्र्य एवढ्यावर मोजायचं की बघणाऱ्याचा वरिष्ठ कोण आहे. माझा वरिष्ठ त्या खोलीत नव्हता, हे माझं स्वातंत्र्य.

तर ती पोटनिवडणूक. आमदार रमेश लटके यांचं मे २०२२ मध्ये निधन झालं, त्यामुळे जागा रिकामी झाली. तोवर शिवसेना फुटलेली. ऑक्टोबरमध्ये आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवलं. लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके ठाकरे गटाकडून उभ्या राहिल्या, चिन्ह नवं कोरं, मशाल. त्या महापालिकेत नोकरीला होत्या, तो राजीनामा स्वीकारण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. समोर भाजपचे मुरजी पटेल. २०१९ ला त्यांनी अपक्ष म्हणून पंचेचाळीस हजारांवर मतं घेतलेली, म्हणजे लढत खरी होणार होती. फुटीनंतरची पहिलीच परीक्षा म्हणून सगळ्या महाराष्ट्राचे डोळे तिकडे. आणि १७ ऑक्टोबरला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, भाजपने उमेदवार मागे घेतला. दिवंगत आमदाराच्या घरातलं कुणी उभं असेल तर समोर उभं राहू नये, ही आपल्याकडची रीत आहे, तसं आवाहनही मोठ्या नेत्यांनी केलं होतं. पण बाकीचे सहा उमेदवार थांबले, त्यामुळे मतदान घ्यावंच लागलं. निकाल मात्र त्याच दिवशी सगळ्यांना कळला.

माझी नेमणूक तोवर झालेली होती. ऑफिसात सहकारी म्हणाले, मजा आहे, दिवसभर पेपर वाचा. मलाही तसंच वाटत होतं.

पहाटे बूथवर पोचलो. एका शाळेतला तळमजल्यावरचा वर्ग, फळ्यावर कुणीतरी आदल्या दिवशीचा सुविचार तसाच ठेवलेला. केंद्राध्यक्ष एक माध्यमिक शाळेतल्या बाई होत्या. रात्री फार झोप झालेली नसावी, पण सगळी पाकिटं बाकावर क्रमाने मांडलेली, प्रत्येकाखाली रबरबँड. मला आपल्या पाचवीच्या वर्गशिक्षिका आठवल्या. इथे बसल्या आहेत म्हणून म्हणत नाही.

मतदानाआधी अभिरूप मतदान घ्यावं लागतं, म्हणजे मॉक पोल. उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक बटण दाबून बघायचं, नोटासकट. मग यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या जुळवायच्या, यंत्र कोरं करायचं, त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. नियम असा की निदान दोन उमेदवारांचे एजंट हजर हवेत. नसले तर पंधरा मिनिटं वाट बघायची आणि मग पुढे जायचं. बाईंनी घड्याळ बघितलं. आमच्या खोलीत एकच एजंट होता. पंधरा मिनिटं गेली, दुसरं कुणी आलं नाही. मॉक पोल त्या एकट्यासमोर झाला. यंत्राच्या हिरव्या कागदी सीलवर त्याची एकट्याची सही. तीन-चार सह्यांची जागा रिकामी.

त्या रिकाम्या जागेकडे बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपली मतदान केंद्राची सगळी व्यवस्था भांडणावर उभी आहे. आपण समजतो की पोलीस आणि अधिकारी निवडणूक सांभाळतात. ते सांभाळतातच, पण खरी राखण करतात एकमेकांचे वैरी. बोगस मतदार आला तर हरकत कोण घेतं? एजंट. ओळखीवर आक्षेप घ्यायची फी दोन रुपये आहे, आजही. हा माणूस गेल्या वर्षी वारला, ही बाई लग्न होऊन विरारला गेली, हे केंद्राध्यक्षांना काय माहीत? गल्लीतल्या पोराला माहीत. एका बाजूचा गप्प बसला तर दुसऱ्या बाजूचा ओरडतो. बँकेत आम्ही याला दुहेरी ताबा म्हणतो, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. इथे दुसरी किल्लीच गैरहजर होती. म्हणजे जी निवडणूक सगळ्यांना सोपी वाटत होती, तीच बघायला अवघड होती.

मी पेपर पिशवीत ठेवून दिला.

सकाळचे पहिले दोन तास अगदीच तुरळक. कुणी फिरायला जाता जाता आलेलं, कुणी कामावर जाता जाता. एकदा तर वीस मिनिटं खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. तुम्हाला वाटेल, रिकाम्या बूथवर काय गडबड होणार? उलट आहे. बाहेर रांग असली की शंभर डोळे असतात. यादीत हजाराच्या वर नावं, आलेले पाऊणशे, आणि हरकत घ्यायला कुणी नाही, अशा खोलीत करणाऱ्याला काय कठीण? तसं काही झालं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच उत्सुकता धरून बसाल. पण झालं नाही हे खात्रीने सांगता येण्यासाठी दिवसभर तिथे जागं राहावं लागतं, आणि निरीक्षकाचं काम एवढंच असतं.

दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या.

अकराच्या सुमारास एक मुलगा आजीला घेऊन आला. मुलगा म्हणजे पन्नाशीचा, आजी पंच्याऐंशीच्या पुढची. म्हणाला, आईला दिसत नाही, मी बटण दाबतो. नियमात सोय आहे. अंध किंवा अपंग मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो, सोबत्याने तसं लिहून द्यायचं, आणि एका माणसाने दिवसभरात एकाचाच सोबती व्हायचं. पण आजीने आपल्या नावासमोर सही केली होती, नेमक्या ओळीवर. बाईंनी ते बघितलं. उठून जवळ गेल्या, यंत्राच्या नमुन्याचा कागद पुढे धरला आणि विचारलं, "आजी, ही चित्रं दिसतात का?" आजी म्हणाल्या, "दिसतात की. हा आपला घाई करतोय." मुलगा जरा वरमला, बाहेर थांबला. आजींना आत दोन मिनिटं लागली. व्हीव्हीपॅटचा दिवा लागलेला सात सेकंद त्या बघत उभ्या राहिल्या असाव्यात, कारण बीप वाजून गेल्यावरही बाहेर येईनात.

यात गुन्हा कुणाचाच नाही. मुलगा वाईट नव्हता. पण एरवीच्या निवडणुकीत समोरच्या पक्षाचा एजंट ताडकन उठला असता, "बाई, यांना दिसतंय!" इथे कुणी उठायला नव्हतं, कारण आजींच्या मताने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उठल्या त्या केंद्राध्यक्ष बाई. त्यांना त्यात काही फायदा नव्हता, उलट वेळ गेला.

दुसरी गोष्ट दुपारची. तिशीतला एक तरुण आला. नाव सापडलं, सही केली, बोटाला शाई लागली. तिसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत गेला आणि थांबला. म्हणाला, "मला नाही मत द्यायचं." अधिकारी म्हणाला, अरे, नोटा आहे की शेवटचं बटण. तो म्हणाला, "नोटा पण नाही." आणि निघून गेला. आता कायद्यात याचीही सोय आहे. नियम ४९-ओ. सही करून मत न देणाऱ्याची नोंद मतदार नोंदवहीत शेरा मारून करायची, शक्य तर त्याची सही घ्यायची. बाईंनी शिपायाला मागे पळवलं, त्या तरुणाला परत आणलं, शेऱ्यासमोर सही घेतली. तो वैतागला होता. चार-पाच मिनिटं गेली असतील.

ही चार-पाच मिनिटं संध्याकाळी कामाला आली. सहा वाजता मतदान संपलं. नोंदवहीतल्या सह्या एका बाजूला, यंत्रावर टोटलचं बटण दाबून आलेला आकडा दुसऱ्या बाजूला. फरक एकाचा. बँकेत दिवसाअखेर एक रुपयाचा फरक आला की काय होतं, ते आमच्या घरच्यांना विचारा. एजंट म्हणाला, "एकाने काय होतंय मॅडम, लीड पन्नास हजारांचं आहे." बाई काही बोलल्या नाहीत. नोंदवही उलटली, शेरा दाखवला आणि १७-सी नमुन्यात ४९-ओ च्या रकान्यात १ लिहिला. हिशोब बंद. १७-सीची प्रत प्रत्येक हजर एजंटला सही घेऊन द्यायची असते. सात उमेदवार, आणि खोलीबाहेर गेली ती एक प्रत.

मतमोजणी रविवारी, ६ तारखेला झाली. मतमोजणीच्या टेबलावरही एक सूक्ष्म निरीक्षक असतो, आकडे स्वतंत्रपणे टिपायला. तिथेही माझी नेमणूक होती. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात. यंत्र त्यांच्याकडे वळवून दाखवायचं आणि एकेक आकडा वाचायचा. पहिल्या उमेदवाराचा आकडा आला की खाकरणं, पेन चालणं. मधल्यांचे आकडे दोन-पाच-चार असे. आणि शेवटी आठवी ओळ, नोटा. पहिल्या फेरीत तो आकडा वाचला तेव्हा कुणीतरी हसलं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत हसणं थांबलं. दर यंत्रामागे नोटा दुसऱ्या क्रमांकावर येत होता.

शेवटी एकूण मतं ८६,५७०. ऋतुजा लटके ६६,५३०. नोटा १२,८०६. बाकीच्या सहापैकी कुणालाही दोन हजारसुद्धा नाहीत. मतदान अवघं एकतीस-बत्तीस टक्के. मतदान केंद्रं २५६ होती, म्हणजे नोटाची सरासरी दर केंद्रावर पन्नास. गणिताच्या सरांसाठी एक गंमत: मॉक पोलमध्ये टाकायची किमान मतंही पन्नासच.

आणि जाळीपलीकडे नोटाच्या वतीने ते बारा हजार टिपून घ्यायला कुणीही नव्हतं. नोटाला पोलिंग एजंट नसतो. त्याला मतमोजणी प्रतिनिधी नसतो, १७-सीची प्रत मिळत नाही, फेरमोजणी मागायला कुणी उभं राहत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे बटण आलं. त्यामुळे मत न देणाऱ्याचीही गुप्तता राखली गेली, हे मोठंच काम झालं. पण त्या मताची राखण कोण करणार, याचं उत्तर सरकारी माणसं एवढंच आहे. विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याने काही होत नाही, सर्वांत जास्त मतं मिळालेला उमेदवारच निवडून येतो. अनामत रक्कम जप्त करायचा हिशोब करतानाही नोटाची मतं वैध मतांत धरत नाहीत. म्हणजे आकडा छापला जातो, बस्स.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मागच्या रांगेतून कुणीतरी चहाच्या वेळी विचारलाच. ती बारा हजार मतं खरी का? मतदानाआधी ठाकरे गटाने जाहीर आरोप केला होता की नोटासाठी प्रचार चाललाय, पैसे वाटले जाताहेत. दुसऱ्या बाजूने इन्कार झाला. तू तिथे होतास, तुला काय दिसलं?

मला दिसला तो एका खोलीचा हिशोब. माझ्या खोलीत ज्याने बटण दाबलं तो तोच माणूस होता, एकटा होता, आणि त्याने दाबलेलं तेवढंच मोजलं गेलं. त्याने का दाबलं, ते मला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तर ती निवडणूकच रद्द करायला हवी होती. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे निरीक्षकालाही प्रवेश नाही. आपला उमेदवार मागे घेतला म्हणून रागावलेला, सगळ्या राजकारणाचा वीट आलेला, कुणीतरी सांगितलं म्हणून आलेला, सगळ्यांची बीप सारखीच वाजते. पैशाचा आरोप खरा का खोटा हे शोधायचं तर ते बूथच्या बाहेर, आदल्या रात्री शोधावं लागतं. त्यासाठी आयोगाचे वेगळे खर्च निरीक्षक असतात. माझ्या अहवालात तो रकाना नव्हता. पत्रकारांनी नंतर बरेच अंदाज लिहिले, मी ते वाचले, आणि माझ्या मते त्यांच्यापैकी कुणीही खोलीत बसलेल्या माझ्यापेक्षा जास्त जाणत नव्हतं. कमीही नाही.

मला विचाराल तर काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. बिनविरोधाची ही रीत आपल्याला सुसंस्कृत वाटते. मलाही वाटते, घरातलं माणूस गेलेल्या बाईसमोर प्रचाराचा भोंगा लावू नये. पण अर्धवट बिनविरोध झाली की मतदान तर होतं आणि राखणदार घरी जातात. तेव्हा उरतात त्या आपल्या बाई आणि त्यांचे रबरबँड. त्या दिवशी त्यांना मिळालेला भत्ता मी विचारला नाही. आपल्या सरांनी तो कधी पूर्ण मिळाला होता का, ते जेवताना सांगावं.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अंधेरी पूर्वमध्ये खरी लढत झाली. समोर पुन्हा मुरजी पटेल, या वेळी शिंदे यांच्या शिवसेनेकडून, आणि ते निवडून आले. माझी ड्युटी तेव्हा दुसऱ्या मतदारसंघात होती. तिथे खोलीत चार एजंट होते. सकाळच्या मॉक पोलपासून त्यांची भांडणं सुरू झाली, खुर्ची कुठे ठेवायची इथपासून. तिथले केंद्राध्यक्ष घामाघूम झाले, म्हणाले, "साहेब, यांना जरा समजवा ना." मी म्हणालो, मला परवानगी नाही. आणि खरं सांगतो, मला त्यांना गप्प करायचंही नव्हतं.